करीमचाचांची लाल झंडी

करीमचाचांची जीप पुढून पाहाल तर काल घेतल्यासारखी चकाचक. मागून पाहाल तर पार पोचे पडलेली. कारण एकच, धारूरचा घाट उतरताना चाचा ब्रेक दाबतच नाहीत.

चाचा आमचे शेजारी, फळांचे व्यापारी. त्यांची सासुरवाडी घाटाखाली दिंद्रुडला, आणि माझं बियाण्यांचं दुकानही तिथंच. त्यामुळं बाजाराच्या दिवशी आमची वाट एक. उतार लागला की चाचा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढतात, जीप दुसऱ्या गिअरात टाकतात आणि निवांत बसतात. मग चाकांवर इंजिन फिरवायचं ओझं पडतं, इंजिन कुरकुरतं आणि जीप आपसूक हळू होते.

"ब्रेकला कावून तरास द्यायचा? इंजन हाय की," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पण ब्रेकवर पायच पडत नाही म्हटल्यावर मागचा लाल दिवा पेटणार कशाला? मागच्याला वाटतं जीप पळतेय, आणि तो येऊन धडकतो. मीही एकदा मोटारसायकलसकट आदळलो. वर चाचांनी मलाच ऐकवलं, "भाऊ, डोळे घरी इसरून आलतास का?" माझं डोकंच फिरलं. भर रस्त्यात भांडलो मी.

त्यावर चाचांनी तोडगा काढला. त्यांची बायको, जुलेखाचाची, मागच्या बाकावर दाराशी बसायची. वळण आलं की चाचा ओरडणार, "झंडी!" आणि चाची लाल फडकं बाहेर काढून हलवणार. अख्खा घाट हसायचा. चाचींच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही.

एकदा माझी मोटारसायकल पंक्चर झाली म्हणून त्यांच्या जीपमध्ये बसलो. चाची हळूच म्हणाल्या, "भाऊ, मला गाडी लागती. ब्रेकचा एक झटका बसला की मळमळतं. लग्न झाल्यावर कितीतरी वर्सं मी अम्मीकडं गेलेच न्हाई, घाटाच्या भ्यानं. मग यांनी जीप घेतली आन् ही गिअरची तऱ्हा शिकले."

"काय बी सांगू नको," चाचा पुढून खेकसले. "ब्रेकचे लायनर लई झिजतेत, म्हनून." कान मात्र लाल झाले होते.

यंदा हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि चाची गेल्या. जनाज्याला मीही खांदा दिला. चाचा बरेच दिवस घराबाहेर पडले नाहीत.

मग एका बाजाराला जीप पुन्हा घाटात दिसली. सासूला फळं द्यायला निघाले होते. मी सवयीनं अंतर राखून मागं होतो. पहिलं वळण आलं आणि जीपचा लाल दिवा पेटला. पुढच्या वळणालाही पेटला. इतक्या वर्षांत तो दिवा मी कधी बघितला नव्हता. खरं तर बरं वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं नाही.

अर्ध्या घाटातल्या हॉटेलवर ते चहाला थांबले. मी जवळ जाऊन विचारलं, "चाचा, ब्रेक?"

बशीत फुंकर मारत म्हणाले, "आता इंजनला कावून तरास द्यायचा? ब्रेक हाय की."

मी मोटारसायकल हॉटेलवाल्याच्या हवाली केली आणि जीपच्या मागच्या बाकावर, दाराशी जाऊन बसलो. लाल फडकं बाकाखाली होतं, नीट घडी घातलेलं.

"चाचा, मला लई मळमळतंय. गिअरमधीच घ्या."

ते आरशातून बघत राहिले. "तुला कवापासून गाडी लागाय लागली बे?"

"आजपासून."

जीप उताराला लागली. गिअर पडला, इंजिन कुरकुरायला लागलं. वळण जवळ आलं तसा चाचांनी घसा खाकरला आणि बारीक आवाजात म्हणाले, "झंडी."

मी फडकं बाहेर काढून हलवलं.