हैबतरावांची दुसरी किल्ली

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर पेणला चला. श्रावण सरत आलाय. एक कौलारू खोली आहे आणि तिच्यात गणपती इतके दाटीवाटीने बसलेत, की पाऊल टाकायला जागा नाही. सगळे रंगून तयार, पण डोळे रेखायचे बाकी. ते काम चंद्रावतीचे. कारखान्यातून मूर्ती घरी यायच्या, डोळे रेखून परत जायच्या. तिचा नवरा विठू रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत कामाला, तो पहाटेच रोह्याच्या गाडीने जाई. खोली मात्र भाड्याची. मालक हैबतराव, राहायला शेजारच्याच दारी.

चंद्रावती त्यांना सांगून सांगून थकली होती. "आबा, कौलं परतून द्या. पाणी टपकतंय. मूर्ती भिजल्या तर कारखानदार पुढल्या साली मला काम देणार नाय."

"हे घर मी बांधलंय गो," हैबतराव म्हणाले. "माझ्या परवानगीशिवाय ते गळणार नाय."

उलट त्यांना भलताच संशय आला. काल त्या खोलीतून ठोकल्याचा आवाज आला होता. भाडेकरूने भिंतीला खिळे मारले की काय? आज चंद्रावती बाजारात जाताच त्यांनी दुसरी किल्ली काढली आणि नातीला, शकूला, सोबत घेतले.

"भिंत आपली. ती बघणं हा मालकाचा हक्क," ते म्हणाले.

"आणि गळतंय ते बघणं?"

"ते नंतर. तू बाहेर थांब. कोणी आलं तर बाहेरून कडी घाल."

आत शिरून हैबतराव बगळ्यासारखे एकेक पाय उचलत, गणपती चुकवत भिंतीपाशी पोचले. आणि काय सांगू! खिळा होताच. एक नाही, चारी कोपऱ्यांत चार. "सापडला!" म्हणत त्यांनी जवळचा खिळा उपटला.

त्या खिळ्यांना काय बांधलंय, हे त्यांनी वर मान करून पाहिलेच नव्हते. मूर्तींवर पाणी पडू नये म्हणून चंद्रावतीने तिथे प्लॅस्टिकचा कागद ताणला होता. रात्रभराची गळती त्यात साठून म्हशीच्या पोटासारखी लोंबत होती. खिळा सुटला आणि म्हैस तिरपी झाली. आता हे पाणी मूर्तींवर पडणार, हे कळताच हैबतराव दोन्ही हात टेकून मूर्तींवर ओणवे झाले. सगळे पाणी त्यांच्या पाठीवर. धडाम करून रंगाचा डबाही पडला.

नेमकी तेव्हाच चंद्रावती परतत होती. आजोबांनी सांगितल्याप्रमाणे शकूने बाहेरून कडी घातली. पण दाराचे कुलूप शकूच्या हातातच राहिले.

"शकू, कुलूप कोणी काढलं गो? आत कोण हाय?" चंद्रावतीने विचारले. आतून कण्हण्याचा आवाज आला. "चोर!" ती ओरडली.

डोलवीच्या कंपनीतली शिफ्ट करून आलेला, आळीतलाच हिरामण काठी घेऊन धावला, मागोमाग अर्धी आळी.

"मारू नका!" शकू कळवळून म्हणाली. "ते चोर नाहीत. मालक आहेत."

दार उघडले. हैबतराव चार पायांवर उभे, पाठीवरून पाणी ठिबकतेय, चहूबाजूंनी गणपती असल्यामुळे हलता येत नाही.

"आबा," हिरामण म्हणाला, "महादेवाचा नंदी गणपतीकडे कधीपासून कामाला लागला?"

आळी हसली. चंद्रावती हसली नाही. तिने वाकून एकेक मूर्ती बाजूला केली, त्यांना वाट करून दिली. एका मूर्तीच्या मुकुटाचा रंग ओघळला होता. ती उचलून तिने पदराने हलकेच टिपली.

"मी... खिळा बघायला आलो होतो," हैबतराव पुटपुटले.

"दार वाजवून विचारलं असतंत, तर खिळाही दाखवला असता, आणि तो कशासाठी मारला तेही."

इतकी वर्षे आळीतल्या पोरांना शिस्त शिकवणारा हा माणूस आज स्वतःच्या ओल्या पायांकडे बघत उभा होता. जमीन दुभंगेल तर बरे, पण जमीनही त्यांचीच, ती थोडीच ऐकणार?

मग शकू आत आली. तिने आजोबांचे बोट धरले आणि सगळ्यांसमोर त्यांना उंबऱ्याबाहेर नेले. चंद्रावतीला आत ठेवून दार ओढून घेतले. आजोबांना दाराकडे तोंड करून उभे केले आणि म्हणाली,

"आता वाजवा. आणि आधी कौलांचं बोला."