इंजिनाला उकडू नये म्हणून

घरात कुणाला उकडतं याची दखल घेण्याचा एक क्रम ठरलेला असतो, आणि सुसंस्कृत माणूस तो मोडत नाही. चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर असलेला सिद्धाराम असाच सुसंस्कृत माणूस. त्याच्या घरी पहिला नंबर गाडीच्या इंजिनाचा होता.

गाडीला सुपरचार्जर होता. सुपरचार्जर इंजिनात हवा दाबून भरतो, दाबलेली हवा तापते आणि तापलेल्या हवेने इंजिनाचा जोर घटतो. हे कळल्यापासून सिद्धारामच्या घशाखाली घास उतरेना. नवी पेठेत गाडी ताशी आठ किलोमीटरने जाते (गर्दी नसेल तर नऊ). तिथे जोर घटून कसं चालेल? तेव्हा हवा निववणारी जाळी, म्हणजे इंटरकूलर, बसवणं आलंच.

मेकॅनिक मल्लेशने बॉनेट उघडून जागा शोधली. जागा एकच होती आणि तिथे एसीची जाळी होती.

"एसी काढायला लागतंय की," तो म्हणाला.

सिद्धारामने क्षणभर विचार केला. थंडावा गाडीतच राहणार होता, फक्त माणसांकडून इंजिनाकडे वर्ग होणार होता. एसी निघाला.

इंटरकूलरला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, झेंडूचा मनगटाएवढा जाड हार चढला. त्याच दिवशी, मे महिन्यातल्या एका गुरुवारी, सिद्धाराम आईला, गिरिजाबाईंना, घेऊन अक्कलकोटला निघाला. गुडघ्यांमुळे त्यांचं वर्षभर जाणं झालं नव्हतं. दुपारच्या आरतीला पोचायचं एवढाच त्यांचा हट्ट होता. प्रवासातल्या नोंदी अशा: बाहेर ४४ अंश. इंजिनात जाणारी हवा पूर्वी ९५, आता ५८. गाडीच्या आत (तिथे सेन्सर बसवलेला नाही).

वळसंगच्या अलीकडे हवा पुन्हा नव्वदीला गेली आणि गाडीचा दम तुटला. वाऱ्याने सरकलेल्या हाराने जाळीचं तोंड बुजलं होतं. पूजेचा हार त्याच दिवशी काढणं शास्त्रात बसत नाही, म्हणून सिद्धारामने हारासकट जाळीवर पाणी ओतायला घेतलं. पाणी गिरिजाबाईंच्या पिण्याचं होतं.

"घाल की," त्या म्हणाल्या. "मी काय तापल्यावर बंद पडत न्हाय."

बाटली संपली. रस्त्याकडेला एक लिंब होता, पण त्याची सावली एका वाहनापुरतीच. तिथे गाडी लावली. गिरिजाबाई उन्हात उभ्या राहिल्या. सिद्धारामला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. त्याने बॉनेट आणखी थोडं वर उचललं.

तेवढ्यात एसटी आली. गिरिजाबाईंनी हात केला.

"तू थांब हितंच," पायरी चढता चढता त्या म्हणाल्या. "त्येला एकलं सोडू नगं."

आरती त्यांना मिळाली.

सिद्धारामला हसून झालं असेल, तर बसा जरा पंख्याखाली. आतून तुमचा चहा येतोच आहे. स्वयंपाकघरातला पंखा तेवढा बंद आहे. लावला की गॅस विझतो ना.