वादमुक्त सीटवाटप

दिल्लीत आर. के. पुरममधल्या मराठी मंडळाची बस दर संक्रांतीला पानिपतला, काला अंबच्या हुतात्म्यांना नमन करायला जायची. वाटेत मुरथळचे पराठे यायच्या आधीच बसमध्ये खिडकीवरून तुंबळ युद्ध व्हायचं. तेव्हा मंडळाने ठराव केला: सीटवाटपाचा संगणकीय प्रोग्रॅम भालचंद्र करंदीकर यांनी हौस म्हणून लिहावा, तो होईपर्यंत सहल स्थगित.

पहिल्या वर्षी पडद्यावर ‘नमस्कार’ उमटला. मग भालचंद्रांना शब्द रंगीत दाखवणारं टूल मिळालं. ते वर्ष रंग निवडण्यात गेलं. पुढचं टूल जुनी प्रत्येक आवृत्ती जपून ठेवणारं होतं. त्यामुळे कुठलीही चूक क्षणात परत आणता येऊ लागली, आणि भालचंद्र ती आणत.

छावणीत मुलाकडे राहणारे निवृत्त सुभेदार मारुतराव दर वर्षी भालचंद्रांना फोन करत. “यंदा निघणार ना बस? गुडघे ऐकत नाहीत आता. एकदा तिथली माती कपाळाला लावायचीय.”

“बिल्कुल, काका. नव्या टूलने स्पीड दुप्पट झालाय.”

यंदा एआय आलं आणि चहा निवायच्या आत प्रोग्रॅम तयार झाला. चाचणीत भांडण निघालं. एआयने भांडणारे वगळले. मग ज्यांच्याशी भांडता येईल असे वगळले. शेवटी मारुतराव उरले. एकट्याला सगळ्या खिडक्या देणं अन्यायाचं, म्हणून तेही वगळले.

“अहो, म्हणजे बस रिकामी जाणार?” भालचंद्रांच्या बायकोने, नीलाने विचारलं.

“नीला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा चाचणीत सगळं हिरवं आलंय, म्हणजे पास.”

कार्यकारिणीने अभिनंदनाचा ठराव केला.

संक्रांतीला पहाटेच मारुतराव कोटावर पदकं लावून आले. त्यांनी पायरीवर पाय ठेवला.

“काका, तुम्ही चढलात तर चाचणी नापास होईल,” भालचंद्र अदबीने म्हणाले.

जन्मभर हुकूम पाळलेला माणूस. पाय मागे घेतला. फार वाईट वाटलं ते बघून, पण बस वेळेवर सुटली.

दुपारी ड्रायव्हरने स्मारकासमोरच्या बसचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली भालचंद्रांनी लिहिलं, ‘सहल वादाविना संपन्न.’ अंगठ्यांचा पाऊस पडला. मारुतराव तेव्हा कॉलनीच्या गेटजवळच्या बाकावरच होते. त्यांचा फोन साधा, त्यामुळे सहल झाल्याचं त्यांना कळलं नाही.

ग्रुपवर आपणही आहात. अंगठा आपणही दिलात. फोटोत एकही माणूस नाही, हे आपल्याला आत्ता कळतंय.