झिपरोबाची तोलदार मूठ

बाळांनो, मांडी घालून बसा आणि चुळबुळ करू नका. एका जंगलात, ओढ्याच्या काठी, झिपरोबा नावाचं अस्वल राहायचं. त्याची बायको मधाई मोठी भाविक. घट बसले तेव्हा तिनं देवीला सांगितलं, "नवरात्रभर पाण्यावर राहीन. दसऱ्याला उपवास सोडीन तो माझ्या धन्याच्या हातून घेतलेल्या माशावर. तोवर तोंडात कण घालणार नाही."

झिपरोबाकडे गळाची काठी होती. मासे धरायला ती पुरेशी होती. पण शेजारच्या हुप्पाजी वानरानं ती हातात घेतली आणि मूठ तळव्याला टोचते म्हणाला. झालं. झिपरोबानं मुठीवर पांगाऱ्याचं मऊ लाकूड बसवलं, वर सुतळी गुंडाळली, सुतळीवर मेण चोळलं. मेणासाठी पोळं फोडावं लागलं. मध वाया जाऊ नये म्हणून तेवढा पिऊन टाकला.

मग हुप्पाजी म्हणाला की मूठ झकास, पण काठी पुढं झुकते. झिपरोबानं बुडाला गोटा बांधला. आता ती मागं झुकली. गोटा घासायला घेतला. इकडे देवीवर माळेमागून माळ चढत गेली.

खंडेनवमीला काठीची पूजा झाली. पूजलेलं हत्यार त्या दिवशी चालवत नाहीत, म्हणून मासे राहिले.

दसऱ्याला सकाळी काठी झिपरोबाच्या एका नखावर आडवी राहिली. ना पुढं, ना मागं. हुप्पाजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

झिपरोबानं गळ टाकला. मासा लागला, चांगला जाडजूड. मधाई केळीचं पान घेऊन पुढं झाली.

आणि काठीचं टोक खाली गेलं.

"तोल गेला," झिपरोबा कळवळला. त्यानं मासा अलगद सोडवून पाण्यात सोडून दिला. काठी पुन्हा सरळ झाली. दुसऱ्या माशाचीही हीच गत.

मधाईला भोवळ यायला लागली होती. "अहो, एक तरी ठेवायचा."

"अगं, माशानंच तर सगळं बिघडतंय. त्याच्या वजनाचा गोटा मागं लावतो. तू फक्त सांग, मासा नेमका केवढा हवा?"

"माझ्या भुकेएवढा."

एवढा गोटा ओढ्यात मिळायचा नाही, असं हुप्पाजीचं मत पडलं.

मधाईनं पान खाली ठेवलं, पदर खोचला आणि पाण्यात उतरली. एक पंजा मारला, मासा बाहेर. पण खाणार कशी? देवीला शब्द दिलेला. तिनं तो मासा नवऱ्याच्या पंजावर ठेवला.

"बघा बरं, याचा तोल कसा आहे?"

झिपरोबानं डोळे मिटले, पंजा वरखाली केला. "डोक्याकडं किंचित जड आहे."

"आणा इकडं," म्हणत मधाईनं मासा त्याच्या हातून घेतला, देवीला हात जोडले आणि डोक्याकडून खायला सुरुवात केली.

तात्पर्य : मूठ अशी घडवावी की हाताला जरा टोचू नये, मासा मात्र तिच्या आसपास फिरकू देऊ नये. एकानं व्रत करावं, एकानं मूठ करावी, देवी दोघांनाही पावते. फक्त ओढ्यात कोण उतरलं, हे घरात मोठ्यानं बोलू नये.