डागी गुणांची वेगळी टोपली

सरकारी विद्यापीठाच्या प्रवेश कचेरीत बसलेल्यांनो, उशिरा शहाणं होणं हा गुन्हा आहे, हे तुम्हीच ठरवलंत. नववी-दहावीची माती बारावीच्या दुधात कालवता, सरासरी काढता आणि वर समान न्यायाच्या गप्पा मारता.

हीच मुलगी घ्या. आई कपडे शिवते. मुलीनं नववी-दहावीची दोन वर्षं वर्गात जांभया देण्यात काढली. अकरावीत डोकं जे चालू लागलं ते थांबेचना. बारावीला गणितात शाळेत पहिली. खासगी कॉलेज परवडणारं नव्हतं. सरकारी जागा हुकली तर आईशेजारी बसून काजं-बटणं करणं एवढंच पुढचं शिक्षण.

मामा फळं विकतो. तोडगा त्यानंच काढला. "ताई, डागी फळ चांगल्यात ठेवलं की सगळी टोपली नासते. माल वेगळा कर." त्यानं दोन अर्ज भरले. एकात जांभयांची वर्षं, दुसऱ्यात हुशारीची. "बघ आता. डागी कोण उचलतंय?"

कचेरीनं डागीच उचलला. कच्च्या मुलांसाठी काही जागा राखून ठेवल्या होत्या. हुशारीचा अर्ज अपुरा म्हणून बाजूला ठेवला.

आईला हे पटेना. ती मुलीला घेऊन कचेरीत गेली.

"थोरलीला जागा दिलीय बाई," कारकून म्हणाला. "धाकटीचं पुढच्या वर्षी बघू."

"अहो, मला एकच मुलगी आहे."

त्यानं दोन्ही फोटो शेजारी धरले. "चेहरेपट्टी सारखी आहे खरी. सख्ख्या बहिणींत असतंच."

"दोन्ही मीच आहे," मुलगी म्हणाली.

"थोरलीच्या जागेवर डोळा ठेवू नये, बाळ."

"मग तो अर्ज मागे घेते आणि दोन्हींचा मिळून एक भरते."

"तुझा तू घे मागे. थोरलीचा घ्यायला थोरली लागेल."

आईचं डोकं फिरलं. तिनं मुलीला बाहेर नेलं, वेणी सोडून अंबाडा बांधला, स्वतःचा चष्मा तिच्या नाकावर चढवला आणि परत आत आणलं. "ही घ्या थोरली."

कारकून खूश झाला. "बघा, फरक दिसतो की नाही? हिच्या चेहऱ्यावरच कळतं. बस गं. आलीच आहेस तर चाचणी देऊन टाक. कच्चेपणाची खात्री झाली की जागा पक्की. अर्ज कशाला मागे घेतेस?"

आईनं विचार केला. जागा ती जागा. ती मुलीच्या कानाशी लागली, "थोडं चुकव गं."

"येतंय ते चुकवू कसं, आई?"

"दहावीत चुकवायचीस तसं."

"तेव्हा येत नव्हतं."

आईच्या चष्म्यातून धड काही दिसत नव्हतं, तरी पोरीनं एकही गणित चुकवलं नाही. दोन वर्षं झोपून काढली होती, पण जागी झाल्यावर तिला झोपेचं सोंग जमेना.

निकाल जागेवरच लागला. थोरलीच्या नावावर धाकटीला बसवलं; सबब दोघींनाही यंदा प्रवेश बंद.

"दोघी लबाड," कारकून म्हणाला, "आणि आई त्यांच्यावर कडी."

तर साहेब, दोघींना हाकललंत, पण घरी एकच परतली. ती सध्या काजं करतेय. दुसरी तुमच्याकडेच राहिली असणार. तिला तरी वर्गात बसवताय की नाही, तेवढं सांगा.