क्रोटनचं माहेर

आमच्या शेजारचे भूपालआप्पा कुणाला रोप देत नाहीत, नांदायला पाठवतात. तुम्ही पिरनवाडीत नवे असाल आणि फाटकाशी उभं राहून ‘आप्पा, लिंबाचं एक रोप मिळेल का?’ असं विचारलंत, तर आधी ते तुमचं घर बघायला येणार. माझ्याकडेही आले होते. टोपी काढून मांडीवर ठेवली, चहा नको म्हणाले आणि सुरू झाले.

“ऊन कुठनं येतंय? पाणी कोण घालणार? तू तर सकाळी शाळेला जातीस, मास्तरीण. मालक?”

“ते मच्छेला कारखान्यात असतात. विसरतात हो.”

“मग आधी सांग की तसं! आसपास शेळी हाय?”

“पलीकडच्यांची आहे.”

“माणसं कशी हैत?”

माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी एवढी चौकशी केली नव्हती. केली असती तर बरं झालं असतं, पण ते जाऊ द्या. आठवड्यानं रोप आलं, आणि सोबत सूचनाही: “मारझोड करायची न्हाय. तरास द्याय लागलं तर मला सांगायचं.”

आप्पा मूळचे बोरगावचे. उद्यानविद्या शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे सगळं जग त्यांना त्या विद्येच्या शाखांमध्येच दिसतं. गल्लीतला दर वर्षी नवा धंदा काढणारा पोरगा म्हणजे भाजीपाला. “बिगीनं उगवतंय, बिगीनं संपतंय.” मी फुलझाड, कारण चार दिवस कुणी बोललं नाही की कोमेजते. माझा नवरा फळझाड. “येळ लावंल, पण धरंल बघ.” मी अजून वाट बघते आहे.

चौथी शाखा शोभेच्या झाडांची. तिचं नाव काढलं की आप्पा नाक मुरडून कानडीत म्हणणार, “बरी बण्ण!” म्हणजे नुसता रंग. “खायाला न्हाय, वासाला न्हाय, देवाला न्हाय. कशापायी जगतंय ते?” माझ्या हॉलमधल्या क्रोटनकडे तर ते बघतसुद्धा नसत. जैन माणूस, कांदा-बटाटा खात नाहीत, दिवस मावळायच्या आत जेवतात, मुंगी दिसली तर वळसा घालून जातात. सगळ्या जिवांवर दया, फक्त क्रोटनवर नाही!

आमच्याकडे पंचमीला लेकी माहेरी येतात. आप्पांची रोपंही येतात. पंचमीच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या बायका कडेवर कुंड्या घेऊन निघतात. मी माझं लिंबू नेते, कुणी मोगरा, कुणी पेरू. आप्पा प्रत्येकाची माती बदलतात, वाळकी फांदी काढतात, शेणखत घालतात आणि आमच्याकडे बघून म्हणतात, “वाळीवलीसा की गं पोरीला!” दोन-तीन दिवस अंगण गजबजलेलं असतं. मग आम्ही आपापल्या कुंड्या घेऊन येतो. तेव्हा ते फाटकाशी उभे असतात आणि नंतर बराच वेळ आत जात नाहीत.

अंगणात एक जागा मात्र रिकामी ठेवायची, पायरीजवळची, जिथं सकाळचं ऊन पडतं ती. पहिल्या वर्षी मी तिथं लिंबू ठेवलं, तर केवढ्यांदा ओरडले. “तिथं न्हाय! ती जागा पद्मीची हाय.”

पद्मजा त्यांची एकुलती एक लेक. पायरीजवळच्या त्या उन्हात बसून अभ्यास करायची. तीही बापाचीच विद्या शिकली, पण शाखा घेतली शोभेच्या झाडांची. आप्पांना ते झोंबलं. म्हणाले, “आमचं फळाचं घराणं. तुला बरी बण्ण करायची तर कर, पर परत ह्या दारात यायचं न्हाय.” पोरगी बापावर गेलेली. ती बेंगळुरूला गेली, मोठमोठ्या कचेऱ्यांच्या बागा सजवू लागली आणि दारात आली नाही. तिची आई, आमच्या काकू, होत्या तोवर बोलणं व्हायचं. काकू गेल्यापासून रविवारी फोन येतो. ‘जेवलासा?’ ‘जेवलो.’ ‘बरं.’ संपलं.

यंदा पंचमीला मी लिंबू घेऊन गेले, तर आप्पा घुटमळले. “मास्तरीण, ते तुझं... क्रोटन कसं हाय?”

मी बघतच राहिले. “हिरवं पडलंय, आप्पा. रंग सगळा गेला. पण ते शोभेचं ना?”

“म्हणून काय त्याला म्हायार नसतंय व्हय? आण जा!”

आणलं. आप्पांनी कुंडी सगळीकडून फिरवून बघितली. मग खिशातला फोन माझ्याकडे दिला आणि अंगणातल्या आंब्याच्या झाडाकडे तोंड करून म्हणाले, “फोटू काढून पद्मीला धाड. लिही, रंग गेलाय. काय करू?”

जन्मभर बागा शिकवलेला माणूस! क्रोटनला उजेड कमी पडला की रंग जातो, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण मी गुमान लिहिलं. उत्तर लगेच आलं: ‘उजेड कमी पडलाय. पायरीजवळ ठेवा, माझ्या जागेवर.’

आप्पांनी ते माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. मग स्वतः कुंडी उचलून पायरीजवळ ठेवली.

बाकीच्या कुंड्या गेल्या, क्रोटन राहिलं. “तिनं बघाय सांगितलंय,” म्हणाले. दर रविवारी मला हाक यायची आणि फोटो जायचा. तिकडून कधी ‘पाणी कमी घाला’, कधी ‘पानं पुसा’, आणि एकदा तर ‘आप्पा, तुम्ही गुडघ्याला तेल लावताय का?’ ते ऐकून आप्पांनी धोतरानं डोळे पुसले आणि ऊन लई लागतंय म्हणाले. ऊन कुठलं, आभाळ गच्च भरलेलं होतं.

दसऱ्याच्या सुमारास नव्या पानांना लाल-पिवळा रंग चढला. मी खुशीत गेले, तर कुंडी पायरीजवळ नाही. आप्पांनी ती मागं न्हाणीच्या अंधारात सरकवून ठेवली होती.

“आप्पा! हे काय करालासा? परत रंग जाईल की!”

त्यांनी मान वर केली नाही. “जाऊ दे. बरं झालं म्हणून कळवलं, तर मग काय इचारू तिला?”

मी तशीच घरी आले आणि माझं मनी प्लांट उचलून नेलं. चांगलं तरारलेलं, हिरवंगार.

“आप्पा, हे जरा आजारी वाटतंय.”

त्यांनी पानं उलटून बघितली, माती चाचपली, देठ दाबला. काही झालेलं नव्हतं, ते त्यांनाही कळलं. माझ्याकडे एकदा बघितलं, मग म्हणाले, “व्हय गं. लईच आजारी हाय.”

उठून त्यांनी क्रोटन न्हाणीतनं बाहेर काढलं, पुन्हा पायरीजवळच्या उन्हात ठेवलं आणि फोन माझ्या हातात दिला.

“दोघांचाबी काढ,” म्हणाले. “लिही, एक बरं झालं, दुसरं आलंय. हे काय फोटूत समजायचं न्हाय म्हणावं. बघायलाच यावं लागंल.”