मोटार डावीकडंच जाती

ते यंत्र आहे की खेळणं, एवढंच आत्याबाईंनी विचारलं होतं. मी 'खेळणं' म्हणाले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं, आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एखादी गोष्ट मला विचारून करण्याची ती पहिलीच वेळ, आणि मी पडले बी.एस्सी. मी म्हणाले, "यंत्रच आहे, आत्याबाई."

त्या दिवशी खंडेनवमी होती. केजला आमचं किराणा-भुसाराचं दुकान. तराजू, मापं, अडकित्ता, शिवणयंत्र, मिक्सर, सगळं धुऊनपुसून ओळीनं मांडलेलं. त्या ओळीत शेवटी व्हिडिओ गेमचं रिमोट जाऊन बसलं. हे रिमोट दोन्ही हातांत धरायचं असतं. त्यावर अळंबीसारखी एक गुंडी असते. ती अंगठ्यानं वळवली की टीव्हीतली मोटार वळते. आत्याबाईंनी तराजूला लावलं तसंच त्यालाही हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला, आणि अक्षता टाकल्या त्या नेमक्या गुंडीच्या बुडाशी.

गेम आमचा नव्हता. जावयांचा होता. रविदाजी म्हणजे माझ्या नणंदेचे, स्वप्नालीवन्संचे यजमान. पुण्याला मोठ्या नोकरीत. घटस्थापनेला वन्संना सोडायला आले तेव्हा दसऱ्याला खेळायला म्हणून गेम इथंच ठेवून गेले, आणि उंबऱ्यापर्यंत बजावत गेले, कुणी हात लावू नका. (मामंजींनी हात लावलाच नव्हता. रोज दुपारी फक्त अंगठे लावत होते.)

पूजा आटोपल्यावर मामंजींनी नेहमीप्रमाणे मोटार सुरू केली. ती डावीकडं वळली. त्यांनी गुंडी उजवीकडं रेटली, तरी डावीकडंच. गुंडी सोडून दिली, तरी मोटार आपली डाव्या भिंतीला घासत, ठिणग्या उडवत चाललेली.

"रुद्राणी," मामंजींनी हाक मारली, आणि माझ्या हातातलं पूजेचं ताट खाली गेलं. (माझं नाव ठेवणाऱ्यांनी मला कुकरच्या शिट्टीला दचकताना पाहिलेलं नव्हतं.)

आता जावई म्हणजे काय चीज, ते सांगायला हवं. मागच्या दिवाळीत तूप वाढताना एक थेंब त्यांच्या घड्याळावर पडला, तर ते पाटावरून उठले ते थेट एसटी स्टँडवर. आणि त्या संध्याकाळी ते यायचे होते. वन्सं तर आतल्या खोलीत जाऊन आपली बॅग भरून ठेवावी की काय, या विचाराला लागल्या.

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. "तुला ते कालेजात जायाचंय न्हवं?"

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायकाची जागा रिकामी होती. प्राचार्य सुंदरराव सर मामंजींच्या ओळखीचे. त्यांनी दोनदा विचारणा केली होती आणि मामंजी दरवेळी 'दसरा होऊन जाऊ द्या' म्हणत होते. ती नोकरी मला इतकी हवी होती, की स्वप्नात मी प्रयोगशाळेच्या किल्ल्या कमरेला खोचून फिरत असे.

"जावई यायच्या आत हे सुदरलं, तर जा खुशाल कालेजात," मामंजी म्हणाले. "न्हाई सुदरलं, तर ती डिग्री ट्रंकेत घाल आन् वर गोधड्या ठेव."

बी.एस्सी.ला माझा विषय भौतिकशास्त्र होता हे खरं. पण प्रॅक्टिकलला वायरी माझी जोडीदारीण जोडायची. मी आकृत्या काढायची. (आकृत्या सुरेख यायच्या.) हे त्या क्षणी सांगण्यात अर्थ नव्हता.

आमच्या ह्यांनी मदत म्हणून शिवणयंत्राच्या तेलाची बुधली आणली. मी ती हिसकावून घेतली आणि ह्यांना स्टँडवर पिटाळलं. जावई उतरले की भजी, चहा, पान, जमेल तितक्या गोष्टी पोटात घालून त्यांना अडवून धरायचं. मग तराजूचा पेचकस घेऊन मी स्वयंपाकघरात फतकल मारून बसले. दारात आत्याबाई. बाहेर मामंजींच्या येरझाऱ्या. घरात इतकी शांतता, की स्क्रू सुटल्याचा आवाज मला फटाक्यासारखा वाटत होता.

झाकण निघालं. आत गुंडीच्या बुडाला पत्र्याचा एवढासा पिंजरा. एखादी अक्षता त्याच्या आतच गेलेली असणार, हे कळत होतं. ती काढायची कशी, हे कळत नव्हतं. फुंकर घातली. सुई घातली. नाकातली नथ सोडून घरातलं जे जे टोकदार होतं ते ते घालून पाहिलं. पिंजरा काही बोलेना. घामानं पेचकस निसटायला लागला. शेवटी झाकण बसवून, देवाचं नाव घेऊन टीव्हीला लावून पाहिलं. मोटार डावीकडंच.

"आता कावून डावीकडं जायली?" मामंजींनी विचारलं. मी 'प्रयोग चालू आहे' असं काहीतरी पुटपुटले आणि रिमोट घेऊन पुन्हा आत पळाले. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. डिग्रीवरच्या गोधड्या मला स्पष्ट दिसत होत्या.

तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. जावई एसटीनं आलेच नव्हते. जीपनं थेट दारात उतरले होते. (हे अजून स्टँडवर भज्यांची प्लेट धरून उभेच होते.)

मी दचकले. दचकले म्हणजे चुलीवरच्या लाहीसारखी उडाले. रिमोट हातातून सुटलं, शहाबादी फरशीवर आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं आणि पाट्याला अडून थांबलं. आणि त्याच्यामागोमाग, अगदी सावकाश, पिवळा एक तांदूळ घरंगळत आला.

आत्याबाई आणि मी, दोघी त्या तांदळाकडं बघत राहिलो. मग आत्याबाईंनी तो उचलला, कपाळाला लावला आणि देवळीत ठेवला.

"पडल्यावर सुदरलं आसं कुणाला सांगू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "शिकलेली हायस, तर शिकल्यासारखं सांग."

जावई पाय धुऊन येईपर्यंत रिमोट टीव्हीखाली जागेवर होतं. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. आधी रिमोट उचललं, उलटंसुलटं केलं, नाकाशी नेलं. "हे पिवळं काय लागलंय?"

मामंजी छताकडं बघायला लागले. वन्संनी माझा दंड इतका गच्च धरला की अजून वळ आहे.

"तुमच्या मोटारीची पूजा केली," आत्याबाई म्हणाल्या. "घरच्या तराजूच्या बरोबरीनं."

जावयांचा चेहरा हळूहळू सैल झाला. त्यांनी मोटार सुरू केली. उजवीकडं म्हटलं की उजवीकडं, सरळ म्हटलं की सरळ. मी भिंतीला टेकले.

दुसऱ्या दिवशी सुंदरराव सर सोनं द्यायला आले. मामंजींनी त्यांना कोपऱ्यात घेऊन, जावयाला कळू नये अशा दबक्या आवाजात, म्हणजे निम्म्या पेठेला ऐकू जाईल इतपतच, माझा पराक्रम सांगितला. परदेशी मशीन, जपानी की कुठली, पुण्यात कुणाला जमलं नसतं, आमच्या सुनेनं तराजूच्या पेचकसानं सुधारलं. सर ऐकत गेले तसे त्यांचे डोळे चमकायला लागले.

सोमवारी रुजू व्हा, सर मला म्हणाले. मी आपट्याची पानं कपाळाला लावली. मग ते म्हणाले, "प्रयोगशाळा राहू द्या थोडे दिवस. कॉलेजचं जनरेटर दोन उन्हाळे बंद पडलंय, बीडचे मेकॅनिक हात टेकून गेले. आधी तेवढं तुमच्या पद्धतीनं बघून घ्या."

रात्री ह्यांनी फार कौतुकानं विचारलं, सोमवारी बरोबर काही अवजारं द्यायची का, दुकानातला मोठा पाना, पक्कड, काहीही सांग.

मी म्हणाले, "साखर कारखान्याची क्रेन मिळती का, तेवढं बघा."